कोचला काय कळतंय?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपला संघ एका गोलनं मागं पडला की पहिली पाच मिनिटं शिव्या रेफ्रीला असतात. मग त्या चुकलेल्या स्टॉपरकडं, म्हणजे मधल्या बचावपटूकडं, वळतात. उत्तरार्ध निम्मा सरला आणि बरोबरी काही होईना, की सगळी गॅलरी एकाच माणसावर येऊन थांबते. तो टचलाइनजवळ हाताची घडी घालून उभा असतो. ‘‘ओ कोच, त्या अकरा नंबरला बसवा की!’’ इथून सुरुवात होते आणि ‘‘ह्याला काय कळतंय फुटबॉलमधलं?’’ इथं गाडी पोचते. रात्री तीच पोरं कट्ट्यावर मोबाइलभोवती गोळा होऊन मँचेस्टर युनायटेडची मॅच बघतात आणि तोच प्रश्न इंग्लंडमधल्या माणसाबद्दल विचारतात. ह्याची लायकी आहे का?

यावर शहाण्या माणसांचं ठरलेलं उत्तर असतं: प्रेक्षकांनी धीर धरावा, कोचचं काम कोचला करू द्यावं. मला ते पटत नाही. निदान कोल्हापूरच्या प्रेक्षकाला तरी ते ऐकवू नये. शिवाजी तरुण, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस हे आमचे संघ. पेठेतल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी यांतली एखादी जर्सी घालून घाम गाळलेला असतो. गॅलरीत शेजारी बसलेले पन्नाशीचे मामा शेंगा फोडता फोडता सांगतात, ‘‘डावा हाफ दमलाय, आता तिकडनंच गोल हुणार,’’ आणि दहा मिनिटांत तिकडूनच होतो. अशा माणसाला ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणणं हा उद्धटपणा झाला. तिकीट काढून, उन्हात बसून, पेठेची इज्जत पणाला लावून जो बघतो, त्याला शंका घेण्याचा पुरेपूर हक्क आहे.

माझं भांडण वेगळं आहे. हाच मामा खेळ बघताना इतका बारीक असतो आणि कोचबद्दल निकाल देताना मात्र फलकावरचे दोन आकडे बघून मोकळा होतो. डोळे असून तो ऐन वेळी ते मिटून घेतो.

धीर धरा म्हणणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे युनायटेडचे जुने कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते युनायटेडला आले तेव्हा बावीस संघांत क्लब एकविसावा होता. तीन वर्षं झाली तरी हातात एकही चषक नव्हता आणि १९८९ च्या डिसेंबरात तर त्यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानाच्या, स्टँडमध्ये झळकला. जानेवारी १९९० मध्ये एफए कपात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सनं गोल केला, युनायटेड पुढं गेलं, त्या वर्षी कपही जिंकलं. पुढं २०१३ पर्यंत तेरा लीग विजेतेपदं. गोष्ट खरी आहे आणि ऐकायला लई भारी आहे. पण तिच्यातून ‘वेळ दिला की सगळं होतं’ असा अर्थ काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडं बघून सगळ्यांनी तिकिटं काढण्यासारखं आहे. तीन वर्षं मिळूनही ज्यांनी काही केलं नाही असे कोच जगभर ढिगानं होऊन गेले. त्यांचे फलक कुणाच्या लक्षात नाहीत. फर्ग्युसनना वेळ मिळाला याहून महत्त्वाचं काय असेल, तर त्या वेळात ते करत काय होते. क्लबमधली दारूची सवय मोडणं, पोरं हुडकणाऱ्या माणसांचं जाळं नव्यानं विणणं. हे गुणतक्त्यात दिसत नव्हतं. क्लबच्या आत रोज येणाऱ्याला मात्र दिसत होतं.

अलीकडचा मिकेल आर्तेता घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये तो कोच म्हणून लंडनच्या आर्सेनलला आला. पहिल्या हंगामात आठवा, दुसऱ्यात परत आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्या तीन मॅच हरला, तेही एकही गोल न करता, आणि संघ तळाला जाऊन बसला. आपल्या गॅलरीनं तेव्हाच त्याला घरी पाठवला असता, आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच जणांनाही तेच हवं होतं. पण जो खेळ बघत होता त्याला दिसत होतं की हा माणूस मोठ्या नावांना मोजत नाही, बुकायो साकासारख्या पोरांना मोठं करतोय, आणि त्याला कसला संघ हवा आहे याचा आराखडा हळूहळू उमटतोय. पुढं सलग तीन हंगाम दुसरा क्रमांक आला. लीगचं विजेतेपद त्या तिन्हींत हुकलं, म्हणून परत ‘ह्याची लायकी दुसऱ्या नंबरचीच’ हे सुरू झालं ते वेगळं.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी, कारण ती अडचणीची आहे. काढून टाकल्यानं काही वेळा खरंच भलं होतं. चेल्सीनं मार्च २०१२ मध्ये कोच बदलला आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये परत बदलला, परत मे महिन्यात तीच स्पर्धा जिंकली. बायर्न म्युनिकनं २०१९ च्या नोव्हेंबरात हान्सी फ्लिकच्या हाती संघ दिला आणि त्या हंगामात लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं आणली. जर्मनीतलंच लेव्हरकुसेन तर २०२२ च्या ऑक्टोबरात लीगमध्ये खालून दुसरं होतं. झाबी आलोन्सो आला आणि २०२३-२४ चा अख्खा बुंडेसलिगा हंगाम त्यांनी न हरता जिंकला. धीराचे पुजारी या गोष्टी सांगत नाहीत.

तरी यातही एक मेख आहे. कोच कधी काढतात? ओळीनं पाच-सहा हार झाल्या की. म्हणजे खेळ वाईट, वर नशीबही वाईट, असं दोन्ही एकदम झालेलं असतं तेव्हा. चेंडू खांबाला लागून बाहेर जातोय, मुख्य फॉरवर्ड जायबंदी आहे, पेनल्टी हुकतेय. हे कायम तसं राहत नाही. नेदरलँड्सच्या लीगमधल्या कित्येक हंगामांचे निकाल घेऊन अर्थतज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा कोच काढल्यावर निकाल सुधारतात हे दिसलं. पण तितकीच घसरण होऊनही ज्या क्लबांनी कोच ठेवला त्यांचेही जवळपास तसेच सुधारले. आपण मात्र नव्या कोचला फेटा बांधून मोकळे होतो आणि जुन्यावर नालायकीचा शिक्का कायमचा बसतो.

फर्ग्युसननंतरचं युनायटेड हे या सगळ्या घोळाचं उघडं पुस्तक आहे. डेव्हिड मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढला. मग व्हॅन खाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग. व्हॅन खालनं तर एफए कप जिंकला आणि लगेच त्याला निरोप मिळाला. प्रत्येकाचा खेळ वेगळा, त्यामुळं खरेदीही वेगळी. एकाला चेंडू स्वतःकडं ठेवणारा हाफ हवा, दुसऱ्याला धावून अंगावर जाणारा. कोच गेला की त्याचे खेळाडू मात्र मोठ्या पगारावर तिथंच. नव्यानं आदल्याच्या उरलेल्या पिठात आपली भाकरी थापायची आणि ती करपली की परत तोच नालायक.

२०२४ च्या नोव्हेंबरात रुबेन अमोरिम आला. मागं तीन स्टॉपर आणि दोन्ही बाजूला वर-खाली पळणारे विंगबॅक, हा त्याचा खेळ. तो लपवलेला नव्हता. लिस्बनमध्ये त्यानं याच खेळावर नाव कमावलं होतं. युनायटेडकडं त्या जागेवर खेळणारी माणसं जवळपास नव्हतीच. हंगाम संपला तेव्हा क्लब पंधरावा, बेचाळीस गुण; युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून एका गोलनं गमावली. पुढच्या ऑगस्टमध्ये चौथ्या स्तरावरच्या ग्रिम्स्बीनं लीग कपातून टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी मारून, बाहेर काढलं, १२-११. आमच्या कट्ट्यावर तो निकाल चार दिवस पुरला. जानेवारी २०२६ मध्ये अमोरिमला काढलं, मायकेल कॅरिककडं हंगामापुरती सूत्रं दिली, आणि त्याच खेळाडूंनी कॅरिकच्या पहिल्याच दोन मॅचमध्ये आधी मँचेस्टर सिटीला आणि मग आर्सेनलला हरवलं.

मग गॅलरीचं खरं होतं म्हणायचं? माझ्या मते अर्धं. अमोरिमची एक चूक त्याची स्वतःची होती: हातातली माणसं त्या खेळाला बसत नाहीत हे दिसूनही त्यानं तो महिनोन् महिने सोडला नाही. तिथं त्याच्या कुवतीवर शंका घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण विंगबॅक नसलेल्या संघात विंगबॅकवर जगणारा कोच, तोही हंगाम सुरू असताना, आणायचा हे ठरवणारे तो नव्हता. ते लोक, म्हणजे क्लबचे मालक-अधिकारी, वर काचेच्या खोलीत बसतात. त्यांच्या नावानं कधीमधी मोर्चे निघतात, फलक लागतात. पण मॅच हरल्यावर कॅमेरा टचलाइनवर जातो, काचेच्या खोलीत फार तर दोन सेकंद.

आपल्या देशाच्या संघाचं याहून वेगळं नाही. जून २०२४ मध्ये वर्ल्ड कप पात्रतेच्या पुढच्या फेरीची संधी हुकली आणि कोच इगोर स्टिमॅकची गच्छंती झाली. मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवा सांभाळत सांभाळत. वर्षभरात ते गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा माणूस. आपला माणूस आला म्हणून सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून २-१ नं हरलो आणि २०२७ च्या आशिया कपची वाट बंद झाली. लगेच सुरू: जमीलना जमत नाही. त्याच काळात आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, होणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. खेळाडूंना खेळायला लीग नव्हती, आणि आपण विचारत होतो की कोचचे डावपेच कुठं गेले!

आणि आता घरचं बोलू. मला खरं तर यावरच बोलायचं होतं.

कोल्हापुरात फुटबॉल संघ तालमीचा असतो. तालीम मुळात कुस्तीची, आणि कुस्तीत वस्ताद नावाची चीज होती. पैलवानानं उठायचं कधी, जोर-बैठका मारायच्या किती, थंडाई प्यायची का नाही, कुठलं मैदान धरायचं आणि कुणाशी जोड लावायची, यावर अखेरचा शब्द वस्तादाचा. पोरगं अजून कच्चं आहे असं वाटलं तर खासबागेच्या कुस्ती मैदानात कितीही मोठं इनाम लागू दे, वस्ताद जोड लावू देत नसे. म्हणून पैलवान चीतपट झाला की वस्तादाला जाब विचारण्यात अर्थ होता. सगळं त्याच्या हातात होतं.

त्याच तालमीच्या फुटबॉल कोचच्या हातात काय आहे? माझ्या ओळखीच्या एका कोचचा दिवस सांगतो. नाव नको. शिरोली एमआयडीसीत नोकरी. सकाळी सहाला ग्राउंडवर हजर, सरावाला बोलावलेली वीस पोरं, आलेली नऊ. एकाला रात्रपाळी, दोघांचं बी.कॉमचं सबमिशन, बाकीचे ‘येतो येतो’ म्हणून झोपलेले. नऊ पोरांत अकराची रचना कशी बसवायची? तो शंकू लावतो, पासिंग करून घेतो, आठला मोटारसायकलला किक मारतो. परदेशी खेळाडू कोण आणायचा हे त्याला कळतं ते मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडल्यावर. त्याला हवा असतो स्टॉपर; येतो फॉरवर्ड, कारण गोल मारणाऱ्याला बघून देणगीदार खूश होतात. मॅचच्या आदल्या रात्री दोन फोन. एक जुन्या खेळाडूचा, ‘‘माझ्या पुतण्याला उद्या पहिल्यापासून खेळवा, घरातली बघायला येणार हाइत.’’ दुसरा अशा माणसाचा, ज्यानं किटचा खर्च केलाय. कोच अकरा नावांचा कागद खिशात घालून स्टेडियमवर येतो तेव्हा त्यातली दोन-तीन नावं त्याची नसतात.

आणि हरल्यावर गॅलरी त्याला विचारते, अकरा नंबरला का बसवलं नाहीस.

सगळ्याच तालमी अशा चालतात असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी जुने खेळाडू कोचच्या पाठीशी भिंतीसारखे उभे असतात आणि तिथला खेळ बघितला की ते कळतंही. पण जिथं हंगाम निम्मा होण्याआधी कोच बदलतो, तिथं बहुतेक वेळा गोष्ट हीच असते. कोच हा सगळ्यात स्वस्तात बदलता येणारा भाग आहे. खेळाडूंची नोंदणी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, झालेली असते, ती मनात आलं म्हणून बदलता येत नाही. देणगीदाराला दुखवता येत नाही. कार्यकर्ते आपापसांत भाऊबंद. उरला कोण? मानधनही धड न घेणारा, शिटी गळ्यात अडकवलेला माणूस. त्याला बाजूला केलं की मंडळानं काहीतरी केल्यासारखं दिसतं आणि गॅलरीही गप्प बसते.

कुवत तपासूच नका असं मी म्हणत नाही. तपासा, पण जे त्याच्या हातात आहे ते तपासा, आणि ते गॅलरीतूनही दिसतं. उदाहरणार्थ कॉर्नर. एका मॅचमध्ये कॉर्नर आला, जवळच्या खांबापाशी कुणी उभं नव्हतं, समोरच्यानं तिथंच डोकं लावलं, गोल. झालं, चूक होते. पुढच्या मॅचला परत कॉर्नर, परत तो खांब मोकळा, परत तिथूनच गोल. ही कोचची चूक. त्यासाठी वीस पोरं लागत नाहीत, पैसा लागत नाही, परदेशी खेळाडू लागत नाही; ‘कॉर्नरला तू खांब सोडायचा नाहीस’ एवढं एका पोराला बजावावं लागतं आणि सरावात चार वेळा करून घ्यावं लागतं. याउलट कीपरच्या हातातून साधा चेंडू निसटून गोल झाला तर त्यात कोच काय करणार? पण मी ऐकलंय, शिव्यांचा आवाज दुसऱ्या वेळी जास्त असतो.

तसंच मध्यंतराचं. पूर्वार्धात समोरचा संघ आपल्या उजवीकडून घुसत होता. मध्यंतरात कोचनं काही बदललं का? बदल फसला तरी चालेल, पण त्याला ते दिसलं होतं हे तर कळतं. बदली खेळाडू आत आला तेव्हा त्याला आपलं काम माहीत होतं की तो हात पसरून विचारत होता ‘‘कुठं खेळू?’’ मागच्या वर्षी ज्या पोराचा डावा पाय नुसता टेकायला होता, तो आता डाव्या पायानं क्रॉस टाकतो का? ०-३ नं मागं असताना पोरं पळतात का, की कंबरेवर हात ठेवून घड्याळ बघतात? यातली एकही गोष्ट फलकावर येत नाही आणि प्रत्येक गोष्ट शेंगा फोडणाऱ्या मामाला दिसते. एवढं बघून तो म्हणाला की ‘ह्या कोचचं काही खरं नाही,’ तर मी त्याचं ऐकेन. मंडळानंही ऐकावं, आणि हंगाम संपल्यावर कोचला नीट बोलावून, चहा पाजून, सांगून मोकळं करावं. भर मैदानात त्याच्या घरादाराचा उद्धार करून नव्हे. हुल्लडबाजीपायी सामने बंद पडायची वेळ कोल्हापूरनं बघितली आहे. ती सुरू होते कुठून, तर अशाच एखाद्या शिवीपासून. आणि ज्या गावात कोचला पोराबाळांसमोर आईबहिणीवरून ऐकून घ्यावं लागतं, तिथं चांगला खेळलेला माणूस कोच व्हायला येईल कशाला? तो गॅलरीत बसेल. तिथं बरं असतं.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. ‘‘हातात काही नाही तर तो कोच राहतो कशाला? सोडून द्यावं की.’’ आक्षेप बरोबर आहे. कागदावरची दोन नावं मान्य करून जो मैदानात उतरतो, तो त्या पराभवातला आपला वाटा उचलूनच उतरतो. मी कोचना हेच म्हणेन की संघ मी निवडणार, हे मंडळाच्या बैठकीत आधी वदवून घ्या. नाही म्हणाले तर शिटी तिथंच ठेवून या. पण ज्या पोरांना पाचवी-सहावीपासून शिकवलं, त्यांना टाकून जाणं सोपं नसतं, हेही खरं. माझा तो कोच याच कारणानं टिकून आहे.

पुढच्या हंगामाच्या नोंदणीचे दिवस आले की तालमीत बैठका सुरू होतील. कोण जाणार, कोण राहणार, बाहेरचा कोण आणायचा, पैसे किती. गॅलरीतल्यांपैकी बरेच जण त्या मंडळाचे सभासद आहेत, वर्गणी भरतात, गणपतीत राबतात. त्यांना बैठकीत बोलता येतं. तिथं उभं राहून एवढंच विचारा: ह्या यादीवर कोचची सही आहे का? आणि नसेल तर ज्यांची आहे, त्यांना पहिल्या पराभवाच्या दिवशी टचलाइनवर उभं करायची तयारी ठेवा.